बेंच वाढला, स्क्वॅट अडला

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ३७, वजन ७८ किलो, काम दिवसभर खुर्चीतलं. दीड वर्ष आठवड्यातून तीन दिवस वेट्स करतोय. सोमवारी स्क्वॅट (खांद्यावर बार घेऊन उठबस) आणि बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं), बुधवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं), शुक्रवारी पुन्हा स्क्वॅट आणि बार्बेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). ताकद वाढली, पण दोन जिने चढलो की धाप लागते आणि पोट जागचं हलत नाही. म्हणून दहा आठवड्यांपूर्वी मंगळवार, गुरुवार, शनिवार हिट, म्हणजे थोडा वेळ जीव तोडून आणि थोडा वेळ थांबून करायचा तीव्र व्यायाम, सुरू केलं. मोबाइलवर टायमर लावून ४० मिनिटं. ३० सेकंद व्यायाम, १५ सेकंद थांबायचं. बर्पी (हात टेकून जमिनीवर जायचं, उठून उडी मारायची), जंप स्क्वॅट, दोरीच्या उड्या आलटून पालटून. वेट्सच्या दिवशीही घाम टिकावा म्हणून दोन सेटच्या मधे ४५ सेकंदच थांबतो.

पहिले तीन आठवडे भारी वाटलं. आता, जिथे ९० किलोचे पाच स्क्वॅट व्हायचे तिथे ८५ ला तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्यांदा उठताना, अडकतो. गुडघे कुरकुरतात, झोप मोडते, सकाळची नाडी ५८ वरून ६६ वर गेलीय. जिममधले म्हणतात, ‘कार्डिओ मसल खातं, बंद कर.’ मला बंद करायचं नाही. शनिवारी माझी नऊ वर्षांची मुलगी समोर बसून बर्पी मोजते, तिलाही ते आवडतं. दोन्ही एकत्र जमतं का? आधी काय करायचं, नंतर काय? की आता वयच झालं? वहीची पानं सोबत जोडतोय.

उत्तर :

नमस्कार. सगळ्यात आधी वहीबद्दल आभार. लोक तीन पानी पत्र लिहितात आणि त्यात एकही आकडा नसतो. तुम्ही तारीख, वजन, सेट, रेप्स, सकाळची नाडी, सगळं लिहिलंय. त्यामुळे मी पत्राच्या आधी वहीच वाचली, आणि तुमच्या जिममधल्या मित्रांना उत्तर तिथेच मिळालं.

पहिल्या आठवड्यात तुमचा बेंच प्रेस ६५ किलोवर होता. दहाव्या आठवड्यात तो ६७.५ वर आहे आणि पाचही रेप्स पूर्ण. ओव्हरहेड प्रेससुद्धा एक पायरी वर गेलाय. घसरलाय तो स्क्वॅट, आणि सातव्या आठवड्यापासून डेडलिफ्टपुढेही ‘कंबर जड’ असा शेरा दिसतोय. आता कार्डिओ जर मसल खात असेल तर त्याने छाती आणि खांदे सोडून फक्त मांड्याच कशा खाल्ल्या? इतकं निवडून खाणारं काही शरीरात नसतं. अजून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का माहीत नाही. सोमवारचा स्क्वॅट शुक्रवारच्या स्क्वॅटपेक्षा दर आठवड्याला बरा आहे. दहापैकी दहा वेळा. सोमवारच्या आधी रविवार असतो, आणि रविवारी तुम्ही काहीच करत नाही.

म्हणजे मसल गेलेलं नाही. पाय दमलेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दुसऱ्यावर उपाय सोपा आहे.

पायांचा हिशोब मांडा बरं. सोमवारी स्क्वॅट, मंगळवारी उड्या, बुधवारी डेडलिफ्ट, गुरुवारी उड्या, शुक्रवारी स्क्वॅट, शनिवारी उड्या. वेळापत्रकात व्यायामांची नावं वेगवेगळी आहेत म्हणून ते वेगवेगळे दिवस वाटतात. पाय मात्र तेच. त्यांच्याकडून सहा दिवस वसुली चालू आहे आणि भरणा फक्त रविवारी.

‘कार्डिओ मसल खातं’ ही म्हण निघाली कुठून, त्याची गोष्ट मजेशीर आहे. रॉबर्ट हिक्सन नावाचा संशोधक मुळात वजनं उचलणारा. तो जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागला. होलोझी रोज पळायला जायचे, म्हणून हाही पळायला लागला, आणि पळता पळता आपली ताकद आणि आकार कमी होतोय असं त्याच्या लक्षात आलं. मग त्याने त्यावर रीतसर प्रयोगच केला. तो १९८० मध्ये छापून आला. तीन गट, दहा आठवडे. एका गटाने फक्त पायांच्या ताकदीचा व्यायाम केला, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्याने फक्त दमसासाचा, सहा दिवस, रोज ४० मिनिटं, चांगलाच जोरात. तिसऱ्याने दोन्ही पूर्णच्या पूर्ण. तिसऱ्या गटाची ताकद साधारण सात आठवडे पहिल्या गटाबरोबरीने वाढत गेली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत खाली आली. दमसास मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला.

या प्रयोगाचा शेवट तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. पाच अधिक सहा, म्हणजे आठवड्यात पायांना अकरा मोठे मार, हा आकडा सगळे विसरले. आणि सात आठवडे सगळं सुरळीत होतं, हेही. तुमची वही बघा, तुमची गाडीही सहाव्या-सातव्या आठवड्यातच अडखळलीय. हिक्सनच्या गटासारखा अकराचा मार तुम्हाला नाही, पण त्या लोकांना दिवसभर खुर्चीत बसून रात्री मोडकी झोपही नसेल.

पेशींच्या पातळीवर काय होतं तेही तुम्ही कुठेतरी वाचलं असणार. दमसासाच्या व्यायामाने एएमपीके नावाचा इशारा जागा होतो, वजनांनी स्नायू वाढवणारा एमटॉर नावाचा, आणि पहिला दुसऱ्याला दाबतो. हे खोटं नाही. पण प्रयोगशाळेतला हा धागा पकडून लोक जिममध्ये मांडवभर निष्कर्ष काढतात, ते मला पटत नाही. गेल्या चाळीस वर्षांतले असे बरेच प्रयोग एकत्र करून २०२२ मध्ये तपासले गेले. त्यात दिसलं की दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ किंवा कमाल ताकद यांना फारसा धक्का लागत नाही. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उंच उडी, झटक्यात उचलणं वगैरे, तेही दोन्ही एकाच बैठकीत केलं तर जास्त. तुम्हाला उंच उडीचं पदक मिळवायचं नाहीये. तेव्हा ‘जमतं का’ याचं उत्तर : जमतं, उत्तम जमतं.

मग तुमचं का बिनसलं? माझ्या मते दोन कारणांनी, आणि दोन्ही एकाच चुकीची दोन तोंडं आहेत. तुम्ही वजनाचा व्यायाम धाप लागणारा केलात आणि धाप लागणारा व्यायाम लांबवत नेऊन रेंगाळता केलात.

आधी दुसरं घेऊ. तुमचं हिट हे हिट नाही. रागावू नका, आकडेमोड करा. ३० आणि १५ मिळून ४५ सेकंद. ४० मिनिटांत अशा ५३ फेऱ्या होतात. जगातला कुठलाही माणूस ५३ वेळा जीव तोडून जोर लावू शकत नाही. शरीर हुशार असतं. त्याला माहीत असतं की अजून पन्नास बाकी आहेत, त्यामुळे ते पहिल्या फेरीपासून हात राखून चालतं. म्हणजे तुम्ही ४० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करताय, घामाघूम होताय आणि त्याला तीव्र म्हणताय. दमसास वाढावा इतका जोर त्यात नाही, आणि पायांना आराम मिळावा इतका हलकाही तो नाही.

तुमच्या टायमरमधलं दोनास एक हे प्रमाण जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगामुळे घरोघर पोचलं. मुळात ही पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक वापरत होते. २० सेकंद जोर, १० सेकंद थांबा. पण किती वेळा? सात ते आठ. संपलं. चार मिनिटांचा मामला. तेही स्थिर सायकलवर, आणि जोर इतका की शरीर ऑक्सिजनच्या बळावर जेवढं काम जास्तीत जास्त करू शकतं त्याच्या १७० टक्के. पॅडलचा वेग मिनिटाला ८५ च्या खाली गेला की थांबवायचं. आठव्या फेरीनंतर नववी होऊच नये, असं ते बेतलेलं होतं. सहा आठवड्यांनी त्या तरुण खेळाडूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ७ मिलीलिटरने वाढली आणि ऑक्सिजनशिवाय काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी. दोन्ही एकदम वाढले, म्हणून तो प्रयोग गाजला. ते गुणोत्तर उचलून चाळीस मिनिटं ताणलं की नाव उरतं, बाकी काही नाही.

उलट टोक बघायचं तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि सहकाऱ्यांनी वापरलेली पद्धत घ्या. ३० सेकंद जीव तोडून सायकल, मग चार मिनिटं जवळजवळ विश्रांती. चार ते सहा वेळा. म्हणजे काम एक भाग, आराम आठ भाग. तुमच्याकडे आराम कामाच्या निम्मा आहे.

त्यात भर उड्यांची. बर्पी आणि जंप स्क्वॅट यांत वर जाण्यापेक्षा खाली येणं महाग पडतं. जमिनीवर उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून अंगाचं वजन थोपवतो. अशा कामाने स्नायू सगळ्यात जास्त दुखावतो, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. मंगळवारच्या उड्या बुधवारी, गुरुवारी वसूल होतात. गुरुवारच्या शुक्रवारी, शनिवारी. सायकलवर हे थोपवणं जवळजवळ नसतंच. पॅडल ढकललं की झालं. म्हणून त्याच दमसासाची किंमत सायकलवर पायांना बरीच कमी पडते. (बर्पीशी माझं तसंही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. धाप लागली की बर्पीची पहिली बळी कंबर असते. विसाव्या बर्पीला लोक जमिनीवर उतरत नाहीत, पडतात.)

आता वजनांकडे. ८५ किलोचा सेट झाल्यावर ४५ सेकंद थांबून पुन्हा बारखाली जाता. पाच-सहा रेप्सच्या जड सेटला जे इंधन लागतं ते स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट. सेट संपला की ते पुन्हा भरू लागतं. अर्धं साधारण अर्ध्या मिनिटात भरतं, पण जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तुम्ही टाकी अर्धी भरली की निघता आणि तिसऱ्या सेटला गाडी बंद पडली की वयाला दोष देता. तेव्हा स्क्वॅट आणि डेडलिफ्टच्या दोन सेटच्या मधे तीन मिनिटं थांबा. घड्याळ लावून. बेंचवर बसा, खरोखर बसा. त्या वेळात पुशअप्स नकोत, पोटाचे व्यायाम नकोत. पहिले काही दिवस आपण आळशी आहोत असं वाटेल, आजूबाजूचे बघतील. बघू द्या.

याच खड्ड्यात मी स्वतः पडलेली आहे. एकेचाळिसाव्या वर्षी पहाटे चढावर पळायचं आणि संध्याकाळी वजनं, असा उद्योग मी चार महिने केला. डेडलिफ्ट उतरायला लागली तेव्हा माझ्या त्या वेळच्या ट्रेनरने सांगितलं, ‘कमी पडतंय, अजून एक दिवस वाढवा.’ मी वाढवला. पंधरा दिवसांनी वॉर्मअपच्या ५० किलोला कंबर धरली आणि पुढचे पाच आठवडे मी मोजे घालतानाही विचार करून वाकत होते.

तर पहिला आठवडा काहीच कमवायचं नाही. इंटरव्हल, म्हणजे जोर-आराम आलटून पालटून असलेला तुमचा हिटसारखा व्यायाम, पूर्ण बंद. वेट्स तीन दिवसच, पण नेहमीच्या ६० टक्के वजनाने आणि निम्मे सेट. बाकी दिवस चाला. हा आठवडा तुमच्यासारख्या माणसाला सगळ्यात अवघड जाईल. पण तीच परीक्षाही आहे. आठवड्याने सकाळची नाडी साठच्या आसपास उतरली आणि बार हलका वाटला, तर दुखणं थकव्याचंच होतं हे तुम्हालाच कळेल.

मग नवी घडी. सूत्र एकच : जड दिवस खरोखर जड करायचा, म्हणजे त्याच्या पुढचा दिवस खरोखर हलका ठेवता येतो.

सोमवार स्क्वॅट आणि बेंचचा. दोन दिवसांच्या आरामानंतरचे ताजे पाय इथे खर्च करा, इंटरव्हल नाही. ८० किलोपासून सुरू करा, पाच रेप्सचे तीन सेट, आणि दर आठवड्याला अडीच किलो. पाचव्या आठवड्यात तुम्ही पुन्हा ९० वर असाल. प्रत्येक सेटमध्ये अजून एक-दोन रेप्स निघाले असते असं वाटेल तिथे थांबा. मान वेडीवाकडी करून काढलेला शेवटचा रेप पुढचे तीन दिवस खातो.

मंगळवारी तीस-चाळीस मिनिटं चालणं, सोबत कोणी असेल तर गप्पा मारता येतील अशा वेगाने. बुधवारी फक्त वरचं अंग : ओव्हरहेड प्रेस, पुलअप्स, बार्बेल रो. आणि त्याच दिवशी आठवड्यातलं मुख्य इंटरव्हल, सायकलवर. गुरुवारी पायांना पूर्ण सुट्टी. शुक्रवारी डेडलिफ्ट, त्यानंतर सोमवारच्या ७० टक्के वजनाने हलका स्क्वॅट, तंत्रापुरता, आणि थोडा बेंच. पहिले चार आठवडे शुक्रवार इथेच संपवा. पाचव्या आठवड्यापासून, सगळं सुरळीत असेल तरच, शुक्रवारी छोटे स्प्रिंट जोडा : २० ते ३० सेकंद जोरात, दोन मिनिटं अगदी सावकाश, असं सहा वेळा. त्यापुढे शनिवार-रविवार असल्यामुळे सोमवारच्या स्क्वॅटला त्याची झळ लागत नाही.

तुमच्या आठवड्यातल्या तीन इंटरव्हलची दोन झाली, आणि सुरुवातीला तर एकच. हात शिवशिवतील. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, एवढंच सांगितलंय. तुम्ही त्यात आरामात बसता. सहावा दिवस कोणी मागत नाहीये.

बुधवारच्या इंटरव्हलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या दोन जिन्यांची धाप तिथेच कमी होणार आहे. नॉर्वेतल्या संशोधकांनी रूढ केलेली चार गुणिले चार ही पद्धत वापरा. दहा मिनिटं वॉर्मअप. मग चार मिनिटं जोरात, असं चार वेळा, आणि दोन फेऱ्यांच्या मधे तीन मिनिटं हळू. शेवटी पाच मिनिटं सावकाश. एकूण चाळीसच मिनिटं होतात, म्हणजे तुमच्या टायमरला वाईट वाटायचं कारण नाही. जोराच्या भागात नाडी कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर न्यायची. कमाल नाडीचा अंदाज काढायचा तर वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा करा. ३७ व्या वर्षी ती १८२ येते, म्हणजे तुमचं लक्ष्य साधारण १६४ ते १७३. हे सूत्र सरासरी माणसाचं आहे, एखाद्याच्या बाबतीत दहा ठोके इकडेतिकडे सहज होतात. म्हणून आकड्यापेक्षा श्वास बघा.

पहिल्या चारमधला पहिला मिनिट फसवा असतो. ‘एवढंच?’ असं वाटतं, नाडी अजून १४५ लाच असते आणि हात आपोआप रेझिस्टन्सच्या (पॅडलच्या जडपणाच्या) बटणाकडे जातो. तो मागे घ्या. नाडी पायांच्या मागून येते, तिला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडं पडतं. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी कोणी काही विचारलं तर दोन-तीन शब्दांत उत्तर देता यावं, पूर्ण वाक्य येता कामा नये. चौथ्या मिनिटात मांड्या तापतात, पण पॅडलचा वेग तोच राहायला हवा. मग तीन मिनिटं हळू, पण पाय थांबवू नका. एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चौथी फेरी पहिल्या फेरीच्याच रेझिस्टन्सवर पूर्ण झाली पाहिजे. नाही झाली तर पुढच्या बुधवारी पहिली हलकी करा. आणि चौथ्या फेरीनंतर पाचवी सहज झाली असती असं वाटलं, तर रेझिस्टन्स एक घर वाढवा. फेऱ्या वाढवू नका.

आधी काय आणि नंतर काय? तुमचं पहिलं काम ताकद असेल तर वेट्स आधी. दमलेल्या कमरेने आणि धापा टाकत जड बार उचलणं हे तंत्राच्या आणि मणक्याच्या दोन्ही दृष्टीने वाईट. सुरुवातीला पाच-सात मिनिटं हलकी सायकल मारलीत तर ती वॉर्मअपमध्ये जमा, कार्डिओत नाही. सकाळी वेट्स आणि संध्याकाळी सायकल असं जमलं तर सगळ्यात चांगलं, मधे सहा तास तरी असू द्या. नाही जमलं तर वेट्स संपल्यावर पाणी पिऊन, दहा मिनिटं थांबून, तिथेच उरका. त्याने काही बिघडत नाही. दोन बैठकांच्या नादात झोप तासभर कमी होणार असेल तर एकच बैठक बरी.

सायकल मिळाली नाही तर रोइंग मशीन चालेल, फक्त ते कंबर वापरतं हे लक्षात ठेवा आणि डेडलिफ्टच्या आदल्या दिवशी टाळा. चढावर भराभर चालणंही चांगलं, चढताना पाय आपटत नाहीत. उतरताना मात्र सावकाश.

पोटाबद्दल थोडक्यात, कारण ते उत्तर तुम्हाला आवडणार नाही. हिटनंतर तासन्‌तास चरबी जळत राहते ही जाहिरात आहे. नंतरचा खर्च असतो, पण फार थोडा. सारख्याच मेहनतीच्या साध्या कार्डिओपेक्षा हिटने चरबी काही खास जास्त उतरत नाही. त्याचा फायदा वेळ वाचण्यात आणि दमसासात आहे. पोट उतरतं ते एकूण खाण्यातून, आणि पोटाचं वेगळं असं उतरवता येत नाही. पण हे नवं वेळापत्रक सुरू करताना खाणं एकदम तोडू नका. पहिले सहा आठवडे तरी पोटभर खा. प्रथिनं दिवसाला दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुम्हाला सुमारे १२५ ग्रॅम. झोप सात तासांच्या वर. तुमच्या वहीत झोपेचा रकाना नाही, तो घाला.

गुडघ्यांची कुरकुर बहुतेक उड्या थांबल्या की थांबेल. तीन आठवड्यांत थांबली नाही, किंवा गुडघा सुजला, जिन्यावर अडकायला लागला, तर तज्ज्ञांना दाखवा. मी वहीवरून गुडघा तपासू शकत नाही. दुसरं असं की चार गुणिले चार हा हृदयावरचा खरा ताण आहे. रक्तदाब असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जोर लावताना छातीत कधी दुखलं-दाटलं असेल, तर आधी डॉक्टर, मग सायकल. आणि कधी सवय नसलेल्या जबर व्यायामानंतर स्नायू सुजून टणक झाले आणि लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर ‘अंग दुखतंय’ म्हणून घरी पडून राहू नका. स्नायूंचा चुरा रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

वयाचं तुम्ही शेवटी हळूच विचारलंत. ३७ ला काहीही झालेलं नाही. विशीत हा सहा दिवसांचा मार कदाचित बारा आठवडे सोसला असतात, आता सहा सोसलेत, एवढाच फरक.

मधेच एखादा आठवडा कामाचा येईल, रात्री जागाव्या लागतील. तेव्हा कापायचं झालं तर आधी शुक्रवारचे स्प्रिंट कापा, मग शुक्रवारचा हलका स्क्वॅट. सोमवारचा स्क्वॅट आणि बुधवारची सायकल शेवटपर्यंत धरून ठेवा. सकाळची नाडी सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने वर दिसली तर त्या आठवड्याचं इंटरव्हल सोडून द्या, भरून काढायच्या भानगडीत पडू नका.

राहता राहिला शनिवार. नव्या वेळापत्रकात शनिवार हा गप्पा मारता येतील अशा चालण्याचा किंवा सावकाश सायकलचा दिवस आहे, तेव्हा मोजणाऱ्या बाईसाहेबांना घरी बसवू नका, बरोबर न्या. मोजण्याचं काम तिच्याकडून काढून घ्यावं असंही मी म्हणणार नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं टेकवून नाडी कशी लागते ते तिला दाखवा. सकाळी तुम्ही अंथरुणातून उठण्याआधी तिने पंधरा सेकंद ठोके मोजायचे, चारने गुणायचे आणि वहीत लिहायचं. नऊ वर्षांच्या मुलीला चारचा पाढा येतोच. आठ आठवड्यांनी पानं पुन्हा पाठवा, तिच्या अक्षरातली.